शाळेत पाठवू का नको? सकाळच्या घाईत या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पोराला रिक्षात बसवणं. सिरपनं आजार जात नाही ओ, ताप तेवढा दबतोय, चार-सहा तासांनी असर संपला की पोरगं परत फणफणतंय, मग क्लासटीचरचा फोन, तुम्ही एमआयडीसीत ड्युटीवर, आणायला जाणार कोण? तोवर बेंचवरच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतोय. औषध न देता 24 तास ताप आला नाही तरच शाळा. ताप म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर, तोही थर्मामीटरनं बघायचा. आपल्या एप्रिलच्या उन्हातनं खेळून आलेल्या पोराचं अंग तसंही तापलेलंच लागतंय, सावलीत जरा बसवा, मग मोजा.

ताप उतरला तरी पोरगं नुसतं पडूनच असेल तर गाफील राहू नका. सोलापुरात पाणी रोज येत नाही, घरोघरी पिंप भरलेले, डेंग्यूचा डास त्यातच वाढतोय. आणि डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतोय. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातनं रक्त, हातपाय गार, यातलं काहीही दिसलं की शाळेचा विषयच सोडा, थेट दवाखाना. डेंग्यूचा संशय असेल तर मनानं आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका.

उलट्या-जुलाब थांबून निदान 24 तास होऊ द्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात चिमूट चिमूट टाकून देतात काहीजण, तसं नको, अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्येच.

कांजिण्या आल्यात हे परीक्षेपायी लपवणारे पालक पण आहेत, फुल बाह्यांचा शर्ट घालून पाठवतात! सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोरगं घरीच पाहिजे, आणि शाळेत सांगायचं, वर्गात कुणाची आई नाहीतर मॅडम गरोदर असू शकतात.

आता उलटी बाजू. नुसतं नाक गळतंय, ताप नाही, खातंय-खेळतंय, तर रुमाल देऊन खुशाल पाठवा. गड्ड्याच्या जत्रेतनं रात्री उशिरा आल्यावर सकाळी जे पोट दुखतंय ते बहुतेक दहा वाजता आपोआप थांबतंय, पण पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखत असेल, चालताना वाकत असेल, तर त्याला नाटक म्हणू नका, अपेंडिक्स असू शकतंय, लगेच डॉक्टरांना दाखवा.