फ्रान्सच्या कालव्यावर सात दिवस: स्वतः बोट चालवत कसं जावं

आपल्याकडे कालवा म्हटला की आवर्तन आठवतं. पाणी कधी सुटणार, टेलच्या गावापर्यंत पोहोचणार का, ही त्याची भाषा. दक्षिण फ्रान्समधला कानाल द्यु मिदी मात्र पिकांसाठी नाही, बोटींसाठी खणला. पिएर-पोल रिके नावाचा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी या कल्पनेनं झपाटला होता. राजा चौदाव्या लुईनं १६६६ मध्ये मंजुरी दिली आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधीच वारला. तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा हा जलमार्ग १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मालाच्या बोटी केव्हाच थांबल्या. आता त्यावर सुट्टी घालवायला आलेली माणसं असतात, आणि बोट चालवायचा परवाना नसलेल्या तुम्हा-आम्हालाही तिथं जागा आहे.

मोसम ठरवा

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, भाडं चढं आणि लॉकपुढे, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या टाक्यांपुढे, रांगा. सप्टेंबरात दोन्ही काठांवर द्राक्षांची तोडणी चालू असते, म्हणून माझी पसंती सप्टेंबरला. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचे भाग बंद ठेवतात.

बोट निवडा

दोन प्रकार आहेत. एक, जुन्या मालवाहू बार्जचं केलेलं तरंगतं हॉटेल. त्यात कप्तान आणि स्वयंपाकी असतात, तुम्ही फक्त बसायचं. दुसरी, भाड्यानं मिळणारी घरबोट. ती तुम्हीच चालवता. आईवडील बरोबर असतील आणि खर्च झेपत असेल तर पहिला प्रकार चांगलाच. पण तब्येत साथ देत असेल तर दुसरीच घ्या. सुकाणू हातात असलं की कालवा वेगळा कळतो.

घरबोटीला परवाना लागत नाही. भाड्यानं देणारी कंपनी तासाभराचं शिक्षण देऊन त्या सहलीपुरतं कार्ड देते. माणसं चार असतील तर सहा जणांची बोट घ्या, पण त्याहून मोठी नको. जितकी लांब बोट, तितकी वाऱ्यात आवरायला अवघड. बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारा: डिझेलचा हिशेब इंजिनाच्या तासांवर आहे का, डिपॉझिट किती, आणि सायकली मिळतात का. सायकली घ्याच. गावातला बेकरीवाला कालव्यापासून दोन किलोमीटरवर असला की त्यांची किंमत कळते.

टप्पा छोटा ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. नकाशावर २४० किलोमीटर बघून लोक म्हणतात, आठवड्यात सगळा करू. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर आहे. उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून पुष्कळ हळू जावं लागतं, नाहीतर तुमच्या लाटेनं त्यांच्या टेबलावरची कॉफी सांडते. लॉक रात्री बंद, दुपारी जेवणाच्या वेळीही साधारण तासभर बंद.

पहिल्या खेपेला मी ट्रेब ते कोलोंबिए हा एकेरी टप्पा सुचवेन. सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे दिवसाला तीन-चार तास बोट चालवली तरी भरपूर. पॅरिसहून रेल्वेनं कार्कासोन गाठा. स्टेशनच्या समोरच कालवा दिसतो. तटबंदीचं जुनं शहर बघायला एक दिवस आधी या, तिथून ट्रेब टॅक्सीनं जवळ आहे. बोट बहुधा शनिवारी दुपारी ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत द्यायची असते.

आर्जां गावाच्या आधी लॉकमागून लॉक आहेत. आर्जां सोडलं की बेझिएच्या दारापर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. पहिले तीन दिवस मेहनतीचे, पुढचे निवांत, असा हा क्रम आपोआप जमून येतो.

कागदपत्रं आणि शिधा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचं बुकिंग जोडा. त्यात बोट कुठून कुठे जाणार हे स्पष्ट लिहून घ्या.

बोटीवर गॅसची शेगडी आणि फ्रिज असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. पोहे, गोडा मसाला, मेतकूट, डाळ-तांदूळ न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही मात्र नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. नारळ चालतो. भाजी, पाव आणि चीज वाटेतल्या गावांत घ्यायचं. शनिवारीच दोन दिवसांचं सामान भरा. रविवारी दुपारनंतर गावं कडीकुलूप लावल्यासारखी असतात आणि सोमवारीही बरीच दुकानं उघडत नाहीत.

सुकाणू धरायला शिका

बोटीला ब्रेक नाही. थांबायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा, आणि तोही वेळेआधी. सुकाणू फिरवल्यावर बोट जरा उशिरानं वळते. घाबरून आणखी फिरवलं की ती दुसऱ्या काठावर जाते. थोडं फिरवा, थांबा, मग सरळ करा. उजव्या बाजूनं चला. कमानी पुलाखाली मात्र मधोमध राहा. कापेस्तांचा पूल इतका ठेंगणा आहे की छत्री मिटून, डोकी खाली घालून जावं लागतं. तिथं पोहोचण्याआधी टपावरच्या सगळ्यांना खाली बोलवा.

लॉक पार करा

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याला जलपाश म्हणतात. दोन दरवाज्यांमधली दगडी टाकी. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरून किंवा सोडून बोट वर किंवा खाली न्यायची. इथल्या टाक्या लंबगोल आहेत. सुरुवातीला बांधलेल्या सरळ भिंती मातीच्या दाबानं कोसळल्या, म्हणून रिकेनं भिंतींना बाक दिला. दिसायला सुंदर, पण बोट भिंतीला सरळ टेकत नाही, म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर सांभाळायला माणूस हवा.

ट्रेबहून निघालात की पहिलंच लॉक तीन पायऱ्यांचं लागतं. बोट तिथं उतरणार, म्हणून असं करा:

१. लॉकपासून दूर थांबा. हिरवा दिवा किंवा कर्मचाऱ्याची खूण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. "बोंझूर" म्हणायला विसरू नका, त्याशिवाय तिथं कुठलंही बोलणं सुरू होत नाही.
२. अगदी हळू आत जा. दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याभोवती घालून त्याचं टोक पुन्हा हातात घ्या.
३. दोर बांधू नका. पाणी उतरेल तसा हळूहळू सैल सोडत राहा. गाठ मारली तर बोट भिंतीला लटकते. आमचा मागचा दोर एकदा अडकला होता. एक कप फुटण्यावर भागलं, कारण लॉकवाल्या बाईंनी ओरडून झडपा बंद केल्या.
४. मागच्या दरवाज्याजवळ पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर टेकू नये म्हणून पुढे सरकून राहा.
५. बोट आणि भिंत यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालू नका. मुलांना लाइफ जॅकेट घालाच.

मागून दुसरी बोट येत असेल तर तिच्यासाठी थांबा. प्रत्येक वेळी टाकीभर पाणी खाली जातं. ते पाणी मोंतान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातल्या ओढ्यांतून आणि सँ-फेरेओलच्या धरणातून चर खणून नोरूझच्या माथ्यावर आणलेलं आहे. कालव्याच्या सर्वांत उंच जागी पाणी पोहोचवायचं कसं, हा कूटप्रश्न रिकेनं सोडवला म्हणून हा कालवा होऊ शकला. आवर्तनाची वाट पाहिलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मुक्काम करा, पण झाडाला बांधू नका

बंदरात जागा मिळाली तर वीज-पाणी मिळतं. नाहीतर परवानगी असलेल्या मोकळ्या काठावरही राहता येतं. बोटीवर खुंटे आणि हातोडा असतो. खुंटे ठोकून दोर बांधा. पोहायला उतरू नका, त्याला मनाई आहे.

झाडाला दोर गुंडाळायचा मोह होईल, पण कृपा करून गुंडाळू नका. या कालव्याची सावली म्हणजे एकोणिसाव्या शतकात लावलेले चिनारच्या जातीचे प्लेन वृक्ष, सुमारे ४२,०००. २००६ मध्ये त्यांच्यात एक बुरशीजन्य रोग आढळला. ती बुरशी पाण्यातून, अवजारांतून, मुळांना आणि बुंध्याला झालेल्या जखमांतून पसरते आणि तिच्यावर औषध नाही. हजारो झाडं तोडून जाळावी लागली. त्यांच्या जागी दुसरी रोपं लावली जात आहेत, तरी कितीतरी ठिकाणी काठ उघडे दिसतात. टोपी आणि पाण्याची बाटली वर घेऊन बसा. आणि जिथं जुनी कमान अजून टिकली आहे, तिथं इंजिन जरा हळू करा.

वाटेत काय बघाल

व्हांतनाकला कालव्याला लागूनच सहकारी वाइनरी आहे. पाराझाजवळ रेप्युद्र ओढ्यावरून कालवाच पुलानं जातो. रिकेच्या काळातला तो दगडी पूल बोटीत बसून नुसता कळत नाही, उतरून खालून बघा. ल सोमायमध्ये जुना पूल आणि जुन्या पुस्तकांचं अवाढव्य दुकान. तिथं अर्धा दिवस ठेवाच.

शेवटच्या दिवशी मालपाचा बोगदा येतो. लांबी सुमारे १६५ मीटर, रुंदी एकाच बोटीपुरती. समोरून कुणी येत नाही ना बघा, भोंगा वाजवा, दिवा लावा. शुक्रवारी संध्याकाळी कोलोंबिएला बोट बांधली की सायकलीनं दोन गोष्टी करता येतात. एक, बेझिएच्या अलीकडची फोन्सेरानची लॉकची उतरंड. दुसरी, बोगद्याच्या वरची आंसेर्युनची टेकडी. एकच जमणार असेल तर टेकडीवर जा. खाली मोंतादीचं तळं दिसतं, पण त्यात पाणी नाही. १२४७ मध्ये ते आटवून शेत केलं. मध्यापासून चर निघालेत आणि त्यांच्यामध्ये पिझ्झ्याच्या तुकड्यांसारखी शेतं. सगळं पाणी मध्याकडे येतं आणि या टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून बाहेर जातं. त्याच्या वर रेल्वेचा बोगदा, आणि त्याच्याही वर तुम्ही दुपारी भोंगा वाजवत आलात तो.