अंतराळातील मुक्काम अनपेक्षितपणे लांबल्यास काय करावे

परतीची तारीख पुढे गेल्याचे कळल्यावर अंतराळवीराने नवी तारीख विचारण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: आज रात्रीच अंतराळ स्थानक सोडण्याची वेळ आली, तर आपण कोणत्या यानात, कोणत्या आसनावर बसणार आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये रशियाच्या सोयुझ यानातील शीतकद्रव गळून गेल्यावर त्याच यानाने गेलेले नासाचे अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांच्या शरीराच्या मापाने घडवलेले आसनाचे अस्तर स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानात हलवण्यात आले, ते याचसाठी. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांचे बोइंगचे स्टारलायनर यान सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याविना परतले, तेव्हाही दोन रिकाम्या आसनांसह नवे ड्रॅगन येईपर्यंत आधीच्या ड्रॅगनमध्ये त्यांच्यासाठी तात्पुरती सोय केलेली होती.

अन्नपाण्याचा हिशेब मुख्यतः जमिनीवरील नियंत्रण कक्ष ठेवतो. आपली औषधे आणि कपडे मात्र स्वतः मोजून वेळेवर कळवावेत, कारण स्थानकावर कपडे धुण्याची सोय नाही.

व्यायामात कोणतीही सूट घेऊ नये. प्रतिबंधक उपाय न केल्यास कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता दर महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्यांनी घटते, शिवाय पाय आणि पाठीचे स्नायूही झिजतात. म्हणून रोजचे सुमारे दोन तास निर्वात नळकांड्यांच्या साहाय्याने भार निर्माण करणाऱ्या यंत्रावर, पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर आणि सायकलवर घालवावेत. मुक्काम लांबला की नव्या कामांसाठी याच वेळेला कात्री लावण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण हे नुकसान वर तरंगताना जाणवत नाही, जमिनीवर उभे राहताना जाणवते.

स्थानकावरून दिवसात सुमारे १६ वेळा सूर्योदय दिसतो, त्यामुळे झोपेची वेळ केवळ घड्याळानेच ठरवावी.

पाहुण्याचे वेळापत्रक सोडून रहिवाशाचे वेळापत्रक मागून घ्यावे. विल्यम्स यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये स्थानकाचे नेतृत्व स्वीकारले आणि ३० जानेवारी २०२५ रोजी विल्मोर यांच्यासह स्पेसवॉक (स्थानकाबाहेर पडून केलेले काम) केला. दीर्घ मुक्कामाचे प्रशिक्षण दोघांनीही आधीच घेतलेले असल्याने हे शक्य झाले. मोहीम आठवड्याभराची असली तरी असे प्रशिक्षण घेऊनच निघावे.

मनावरचा भार दडपू नये. रुबिओ सहा महिन्यांसाठी गेले आणि ३७१ दिवसांनी परतले. वर्षभर राहाल का, असे प्रशिक्षणापूर्वीच विचारले असते तर कुटुंबासाठी आपण बहुधा नकार दिला असता, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते. घरच्यांना एकच निश्चित तारीख देऊ नये, तिची शक्याशक्यता समजावून सांगावी, आणि मानसशास्त्रज्ञांशी ठरलेले खासगी संभाषण चुकवू नये.

परतीच्या दिवशी, उतरण्यापूर्वी, ठरवून दिलेले क्षारयुक्त पाणी प्यावे आणि शरीरावर दाब देणारे कपडे घालावेत, म्हणजे उभे राहताना रक्तदाब घसरून भोवळ येण्याची शक्यता कमी होते. नासाचा पुनर्वसन कार्यक्रम साधारण ४५ दिवसांचा असतो. घरची ओढ कितीही असली तरी तो मध्येच सोडू नये, आणि तोल पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत वाहन चालवू नये.