टोचून घ्यायची औषधं घेऊन प्रवास करताना

इन्सुलिन असो, संधिवाताचं आठवड्याचं इंजेक्शन असो की रक्त पातळ करणारं, प्रवासात ते बाद होऊ नये आणि वाटेत अडकू नये, याची तयारी घरूनच करावी लागते.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन आणि सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे त्यातल्या मूळ घटकाचं नाव, लिहून घ्या, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. सुया, सिरिंज आणि औषध गार ठेवणारे जेल पॅक यांचाही उल्लेख हवा. मॉर्फिनसारखं नियंत्रित औषध असेल, तर त्या देशाच्या दूतावासाकडे आधीच विचारा. काही ठिकाणी पूर्वपरवानगी लागते. वेगळ्या टाइम झोनमध्ये जात असाल, तर डोसच्या वेळा याच भेटीत लिहून घ्या. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, पश्चिमेकडे मोठा. रोजच्या इन्सुलिनचा हिशेब अंदाजाने करू नका.

औषध लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनचं सामान हरवू शकतं, आणि विमानाच्या पोटात औषध गोठण्याचाही धोका असतो. सोबत कुणी असेल तर अर्धा साठा त्यांच्याकडे द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तापमान. लोक उन्हाची काळजी करतात आणि औषध थेट बर्फावर ठेवतात. तिथेच ते वाया जातं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, पण एकदा गोठलं की ते निकामी होतं. वितळल्यावर दिसायला अगदी पूर्वीसारखं असलं तरी ते टाकूनच द्यायचं. म्हणून जेल पॅक आणि औषध यांच्यामध्ये टॉवेलची घडी हवीच. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही औषध बर्फाच्या कप्प्याजवळ नको, दाराच्या खणात ठेवा. वापरात असलेल्या बहुतेक इन्सुलिन पेनला (पेनाच्या आकाराच्या इंजेक्शनला) तर फ्रिजची गरजच नसते. साधारण 25 ते 30 अंशांच्या आत ती सुमारे चार आठवडे टिकतात. इतर इंजेक्शनांची मुदत वेगवेगळी असते, ती खोक्यातल्या माहितीपत्रकात पाहा. बंद गाडीत मात्र औषध पाच मिनिटांसाठीही सोडू नका. एरवी स्वच्छ दिसणारं औषध गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले, तर ते टोचू नका.

सुरक्षा तपासणीला औषधाची पिशवी वेगळी काढा आणि कर्मचाऱ्याला स्वतःहून सांगा. 100 मिलीलीटरच्या मर्यादेतून आवश्यक औषधांना सहसा सूट मिळते, पण विचारण्याआधी सांगितलं की काम लवकर होतं. औषध फार्मसीचं लेबल असलेल्या मूळ खोक्यातच असू द्या.

पेनला सुई लावून ठेवू नका. तापमान बदललं की औषध गळतं किंवा आत हवेचे बुडबुडे शिरतात. प्रत्येक वेळी नवी सुई लावा आणि डोस घेण्याआधी दोन युनिट हवेत सोडून पाहा. वापरलेली सुई झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. विमानातल्या सीटच्या खिशात किंवा हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात ती कधीही टाकू नका. सफाई करणाऱ्याच्या हाताला लागते.

साठा संपलाच आणि परदेशात इन्सुलिन विकत घ्यावं लागलं, तर एक गोष्ट नीट पाहा. काही देशांत यू-40 इन्सुलिन (एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट) मिळतं, काहींत फक्त यू-100 (एका मिलीलीटरमध्ये 100 युनिट), आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. यू-40च्या सिरिंजमध्ये यू-100 इन्सुलिन भरलं, तर डोस अडीचपट होतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दुकानातच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचा आकडा एकच आहे, हे पाहूनच पैसे द्या.