शहरासाठी छोटी गाडी घेताय? या चुका टाळा

पहिली गाडी घेतली तेव्हा टेस्ट ड्राइव्हला मी एकटाच गेलो होतो. शोरूममधून निघालो, सपाट रस्त्यावर दीड किलोमीटर जाऊन वळून आलो आणि बुकिंगचे पैसे भरून टाकले. पहिल्याच रविवारी आई-बाबा, बायको आणि दोन पिशव्या घेऊन पुण्याहून सासवडला निघालो. दिवे घाटात तिसऱ्या गिअरवर गाडीने मान टाकली. दुसरा टाकला, एसी बंद केला, तेव्हा कुठे वर चढली. मागे बसलेली आई सबंध घाटभर दाराचं हॅण्डल धरून होती. गाडीत बिघाड काहीच नव्हता. निवडताना मी पाहायच्या गोष्टी पाहिल्या नव्हत्या.

सीसी म्हणजे अ‍ॅव्हरेज, असं धरून चालणं

‘इंजिन जेवढं लहान तेवढं पेट्रोल कमी’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. इंजिनाचा आकार सीसीमध्ये मोजतात. वॅगन आरचं उदाहरण घ्या, कारण ती एकाच बॉडीत दोन इंजिनांसह मिळते. ९९८ सीसीचं इंजिन ६७ पीएस ताकद आणि ८९ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं. ११९७ सीसीचं ९० पीएस आणि ११३ न्यूटन-मीटर. मॅन्युअल गिअरवर कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज लहान इंजिनाला लिटरला २४.३५ किलोमीटर, मोठ्याला २३.५६. महिन्याला ६०० किलोमीटर चालवलीत तर या आकड्यांनुसार फरक एक लिटरचाही पडत नाही.

हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाने, एसी बंद ठेवून मोजलेले असतात. ही चाचणी घेणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण तिच्या रोलरवर कर्वे रोडची संध्याकाळ नसते. शहरात दोन्ही इंजिनांचं अ‍ॅव्हरेज यापेक्षा कमीच येणार. लहान इंजिनाला भरल्या गाडीनिशी चढावर सतत जोरात रेस द्यावी लागते, त्यामुळे तिथे तर तो छोटा फरकही उरत नाही.

करातही लहान इंजिनाला वेगळी सवलत नाही. पेट्रोल गाडी ४ मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. म्हणून तर बाजारात ११९७ आणि ११९९ सीसीची इंजिनं दिसतात. हजार सीसीच्या आत राहिल्याचा फायदा मिळतो तो थर्ड पार्टी विम्यात: २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंत वर्षाला २०९४ रुपये, त्यापुढे पंधराशेपर्यंत ३४१६.

एकट्याने टेस्ट ड्राइव्ह करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. छोट्या गाडीचं स्वतःचं वजन साडेसातशे-आठशे किलो. त्यात चार मोठी माणसं बसली की पावणेतीनशे किलो वाढतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. एकट्याने चालवताना चपळ वाटलेली गाडी मग वेगळीच लागते. घरच्यांना शोरूममध्ये बरोबर न्या, मागे बसवा, एसी लावा आणि चढाचा रस्ता मागा. कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ आहे, कात्रजचा जुना घाट आहे. चढावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा गाडी उचला. पहिल्या गिअरवर खूप रेस द्यावी लागली, क्लचचा वास आला, तर ती गाडी तुमच्या कुटुंबाला पुरणार नाही. सेल्समन ‘एवढ्या लांब नेता येत नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. काही लाखांची वस्तू आहे, संकोच करू नका.

पण रोज एकट्याने औंध ते शिवाजीनगर एवढंच जाणं-येणं असेल आणि घाट वर्षातून एकदा, तर एक लिटरचं इंजिन खुशाल घ्या. वाचलेले पैसे सहा एअरबॅग असलेल्या गाडीकडे वळवा. मोठा टचस्क्रीन नसला तरी चालतं.

पार्किंग न मोजणं

पुनर्विकास झालेल्या बऱ्याच सोसायट्यांत आता मेकॅनिकल पार्किंग असतं आणि त्याला उंचीची मर्यादा असते. वॅगन आर १६७५ मिलिमीटर उंच आहे. बुकिंगआधी सोसायटीच्या ऑफिसात आकडा विचारून घ्या. पेठेतल्या वाड्यात गाडी लावणार असाल, तर दार उघडल्यावर उतरायला जागा उरते का, तेही टेप लावून बघा.

एएमटी आणि सीएनजी, न समजता घेणं

पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला आराम हवाच, एएमटी घ्याच, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी. मात्र तिच्यातही साधी क्लच प्लेटच असते. पुलाच्या चढावर सिग्नलला गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली की ती प्लेट जळते. ब्रेक दाबून थांबा. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय, सगळ्या गाड्यांना नसतो. तुमच्या व्हेरिएंटला आहे का, ते लेखी यादीत तपासा.

सीएनजीवर खर्च नक्की कमी होतो, पण वॅगन आरच्या त्याच ६७ पीएसचे गॅसवर ५७ होतात. डिकीत टाकी बसते, पंपावर रांग असते. रोज हडपसर-हिंजवडी करणाऱ्याला परवडतं. आठवड्याला पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याने जास्तीचे पैसे का घालावेत?

गाडी घेऊन झाली आहे आणि ओढत नाही

गॅरेजला नेण्याआधी स्वतःचा गिअर बघा. अ‍ॅव्हरेज मिळावं म्हणून तिशीच्या वेगाला चौथा टाकण्याची सवय अनेकांना असते. इंजिन थरथरतं, गाडी धक्के देते. एक गिअर खाली या. वर सांगितलेला ८९ न्यूटन-मीटर टॉर्क ३५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, तेव्हा चढावर काटा तीन हजारांवर गेला तर घाबरायचं कारण नाही.

मग टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किती भरायची ते लिहिलेलं असतं. गाडी भरलेली असताना कुठे कुठे आकडा वेगळा असतो. त्यानंतर एअर फिल्टर, कारण खोदकामाच्या धुळीने तो लवकर चोंदतो. मग स्पार्क प्लग.

चढावर इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट घसरते आहे. ते काम लांबवू नका, घाटात जाण्याआधी उरकून घ्या. आणि तापमानाचा दिवा लागला तर कडेला थांबून इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबावं लागलं तरी थांबा.