सोयाबीन-मक्यावर बुरशीनाशक मारताय? आधी या चुका टाळा

ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात. "बुरशीनाशक कोणतं मारू?" मी विचारतो रोग कोणता आहे, तर उत्तर येतं, "रोग नाही हो, पण शेजाऱ्याने मारलंय." बरं, शेजाऱ्याला विचारलं तर त्याने दुकानदार म्हणाला म्हणून मारलेलं असतं.

मी बुरशीनाशकाच्या विरोधात नाही. माझा राग फक्त न बघता मारण्यावर आहे, कारण त्यात पैसे वसूल होणं म्हणजे निव्वळ नशीब.

पिवळं दिसलं की बुरशीनाशक

ही सगळ्यात महागडी चूक. सोयाबीन पिवळं पडायला निदान चार वेगळी कारणं असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर बुरशीनाशकाची फवारणी शून्य उपयोगाची. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानातली लोहाची कमतरता. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, तो व्हायरस आहे आणि पांढरी माशी पसरवते. खोड उभं चिरल्यावर आत लालसर बोगदा दिसला तर खोडमाशी. आणि झाड जागेवर वाळतंय, बुडाजवळची साल खरवडली की कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण दिसतायत, तर मूळकूज. आता मूळकूज बुरशीच आहे, पण ती मुळात आणि खोडाच्या बुडात, पानावर मारलेलं औषध तिथवर जात नाही.

2023 आठवतंय ना? देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. ऐन फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली, मग सप्टेंबरात पाऊस आला आणि मराठवाडा-विदर्भात बघता बघता रानं पिवळी पडली. आमच्या भावकीतल्या एका दादांनी पिवळ्या झाडांचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला, कुणीतरी खाली दोन औषधं आणि एक टॉनिक टाइप करून दिलं, यांनी ते आणून मारलं, फरक नाही म्हणून आठ दिवसांनी त्याहून भारी मारलं, आणि तरी पिवळं वाढतंय म्हणून तिसऱ्यांदा दुकानदाराच्या मनाचं मारलं. मी गेलो तेव्हा पानं उलटी केली तर खाली पांढरी माशी आरामात बसलेली. बांधाच्या कडेची झाडं उपटून चिरली तर आत काळी भुकटी. म्हणजे एका बाजूला मोझॅक, दुसऱ्या बाजूला मूळकूज, आणि तिन्ही फवारण्यांनी दोन्हीचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. सुरुवातीला मोझॅकची दहा-वीस झाडं होती तेव्हाच ती उपटून गाडली असती, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर लक्ष ठेवलं असतं, तर निदान उरलेलं रान हातात राहिलं असतं. सोयाबीन विकलं आणि त्यातून आधी दुकानाची उधारी फेडली.

माझी सवय एकच, खिशात चाकू ठेवायचा. पाच ठिकाणची झाडं उपटायची, खोड चिरायचं, पानाची खालची बाजू बघायची आणि मगच दुकानात जायचं. फोटो पाठवून निदान मागणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही, राग आला तर आला.

हिशोब क्विंटलमध्ये न करणं

समजा औषध 700 रुपये आणि फवारणीची मजुरी 300, म्हणजे एकरी 1000. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, पण बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. त्या भावाने 1000 रुपये वसूल व्हायला एकरी 25 किलो जास्त पिकायला पाहिजे. एकरी सात क्विंटलच्या रानात 25 किलोचा फरक डोळ्यांना दिसतो का? नाही दिसत. म्हणून "मला फायदा झाला" म्हणणाऱ्याला मी विचारतो, न फवारलेला पट्टा ठेवला होता का? कुणीच ठेवलेला नसतो.

आणि हिरवेपणावर जाऊ नका. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं, म्हणजे पायराक्लोस्ट्रोबिन, ॲझोक्सीस्ट्रोबिन वगैरे, पान जास्त दिवस हिरवं ठेवतात. बघायला झकास वाटतं, पण दाण्यात तेवढं वजन येईलच असं नाही, वर काढणी लांबली तर मागून पेरायच्या हरभऱ्यासाठीची जमिनीतली ओल जाते ती वेगळीच.

पंपाचा डोस आणि एकराचा डोस

यावर मी बोलून बोलून थकलोय. टेब्युकोनॅझोल 25.9 टक्के ईसी (पाण्यात मिसळलं की दुधाळ होणारं तेलकट औषध) या बुरशीनाशकाचं प्रमाण हेक्टरी 625 मिली आहे, म्हणजे एकरी 250. दुकानदार सांगतो "पंपाला 25 मिली", कारण त्याने मनात एकराला दहा पंप धरलेले असतात. आता आपले लोक भरभर चालून पाच-सहा पंपांत एकर उरकतात, मग औषध गेलं सव्वाशे-दीडशे मिली, आणि तेही वरच्या पानांवरच, रोग सुरू होतो खाली. मग म्हणायचं औषधच डुप्लिकेट होतं! नाही हो, औषध चांगलं होतं, तुम्हाला घरी जायची घाई होती. साध्या पंपाने एकरी 200 लिटर पाणी लागतं, पानांची दाटी झाल्यावर तर त्यात कंजुषी नकोच. मी एकराचं औषध आधी मोजून बाजूला काढतो, मग ते पंपांत वाटतो.

याचाच भाऊ म्हणजे एका पंपात सगळं. बुरशीनाशक, अळीचं औषध, विद्राव्य खत, बोरॉन, ह्युमिक, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव), आणि दुकानदाराने फ्री दिलेली एक बाटली. आमच्याकडे एकाने दुपारच्या उन्हात गंधक असलेल्या बुरशीनाशकात दोन ईसी औषधं घालून मारली, दोन दिवसांत शेंड्याची पानं कडेने करपली. करपा वाढला समजून तो परत बुरशीनाशक आणायला निघाला होता, त्याला अक्षरशः गाडीवरून उतरवलं. लेबलवर एकत्र चालतं असं लिहिलेलं नसेल तर बादलीत मिसळून बघा, फुटलं किंवा साका बसला तर पंपात नको.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बीजप्रक्रिया न करता नंतर फवारण्यांवर खर्च करणं. कार्बोक्सिन अधिक थायरम किलोला 3 ग्रॅम, 30 किलो बियाण्याला 90 ग्रॅम, इतका स्वस्त विमा दुसरा नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम जिवाणू खत, हा क्रम उलटा करू नका.

शेंगा भरून पानं पिवळी व्हायला लागल्यावर फवारणं. शेंगा धरायला लागतात तेव्हाची वेळ चुकली की पैसे खिशातच बरे.

दरवेळी तोच गट मारणं. अमेरिकेत सोयाबीनच्या पानावरील ठिपक्यांची बुरशी स्ट्रोबिल्युरिनला दाद देईनाशी झाली, ती अशीच.

मग पैसे वसूल होतात कुठे?

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात. तिथे तांबेरा येतो आणि तो आला की पंधरा दिवसांत पानं गळून रान उघडं पडतं. पावसाची झड लागली, पानं दिवसरात्र ओली आणि खालच्या पानामागे बारीक तांबूस पुटकुळ्या दिसल्या की थांबायचं नाही, ट्रायझोल, म्हणजे टेब्युकोनॅझोलच्या गटातलं औषध मारायचं. त्या भागात फुले संगम किंवा फुले किमया पेरणाऱ्याला ताण कमी, कारण ही वाणं तांबेऱ्याला बऱ्यापैकी सहन करतात. लातूर-हिंगोलीकडे सलग झड आणि शेंगकरपा, रायझोक्टोनियाचा करपा दिसत असेल तर एक फवारणी परवडते. कोरड्या वर्षात मी मारतच नाही.

मक्याचं गणित तर अजून अवघड. क्विंटलला 2000 धरले आणि खर्च 1200 झाला तर एकरी 60 किलो जास्त हवेत. शिवाय 2018 पासून मक्यात आपली डोकेदुखी लष्करी अळी आहे, तिला बुरशीनाशकाने काही होत नाही, तरी लोक "सोबत टाकून देतो" म्हणतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा एक नियम मला पटतो: तुरा यायच्या सुमारास कणसाखालचं तिसरं पान बघायचं, निम्म्या झाडांवर त्या पानापर्यंत किंवा त्याच्या वर करपा पोचला असेल आणि वाण रोगाला बळी पडणारं असेल तरच फवारायचं. तुरा बाहेर यायच्या आधी बुरशीनाशकात स्टिकर घालून मारलं की कणसं अर्धवट राहतात हेही तिकडे दिसलेलं आहे. आणि डोक्यावर गेलेल्या मक्यात पाठीवरचा पंप घेऊन घुसू नका. 2017 ला यवतमाळमध्ये उंच कपाशीत फवारताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते विसरलात का? तिथे कीटकनाशकं होती, पण अंगावर तुषार पडायची पद्धत तीच. मुरघासाचा मका असेल तर लेबलवरचे थांबायचे दिवस मोजा, नाहीतर औषध चाऱ्यातून दुधात जातं.

यंदा फवारणारच असाल तर मधली सहा तासं (पिकाच्या ओळी) न फवारता सोडून द्या, दोन्ही टोकांना काठ्या रोवा. काढणीला ती सहा तासं आणि शेजारची फवारलेली सहा तासं वेगळी मळून वजन करा, आणि आकडे पावतीच्या मागे लिहून ठेवा.