शेवट गुंडाळलेली कादंबरी कशी वाचावी

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका छोट्या वाचनालयाच्या काउंटरवर मी बसते. पुस्तक परत करताना लोक सगळ्यात जास्त काय म्हणत असतील, तर "ताई, झकास होती, पण शेवट गुंडाळलाय बघा." एवढं बोलून माणूस पुढचं पुस्तक उचलतो. चारशे पानं जीव लावून वाचलेली कादंबरी शेवटच्या वीस पानांपायी अशी निकालात काढलेली मला बघवत नाही.

सर्वांत आधी पानं तपासा. खरंच. जुन्या प्रतींमध्ये शेवटचा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) शिलाईतून निसटतो आणि पुन्हा बाइंडिंग करताना कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्व भागात लूमवर काम करणारे एक काका एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन आले, "शेवटच न्हाई हिला" म्हणत. उघडून बघते तर 416 व्या पानावर वाक्य अर्धवट, आणि दोऱ्याला कागदाचे कपटे लटकलेले. दुसरी प्रत मिळवून दिली, तेव्हा काका खूश.

प्रत पूर्ण असेल तर दोन दिवस जाऊ द्या. पुस्तक संपल्याची हुरहुर आणि शेवट फसल्याचा राग पहिल्या रात्री वेगळे काढता येत नाहीत.

मग एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहा : या कादंबरीने मला कोणत्या प्रश्नापाशी बसवून ठेवलं होतं? 'पुढे काय होतं' असं लिहू नका. कोण काय ठरवणार आहे, ते लिहा. माझा भरवसा या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त आहे. मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' घ्या. पळून आलेल्या गुलामाला, जिमला, हक हा पोरगा साथ देणार की लहानपणापासून शिकवलेल्या 'धर्मा'ला जागून त्याला पकडून देणार, हा तिचा प्रश्न. 31 व्या प्रकरणात हक जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो, हातात धरून विचार करतो, आणि नरकात जावं लागलं तरी चालेल म्हणत फाडून टाकतो. प्रश्न तिथे सुटला! पुढची बारा प्रकरणं हकचा मित्र टॉम सॉयर येऊन जिमच्या सुटकेचं नाटक रंगवतो, आणि शेवटी कळतं की मालकिणीने दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्रात जिमला मुक्त केलं होतं. टॉमला हे ठाऊक होतं. हकने पणाला लावलेलं सगळं एका कागदाने फुकट घालवलं. 1876 मध्ये सुरू केलेलं हे पुस्तक ट्वेनने मध्ये काही वर्षं बाजूला ठेवलं होतं, ते 1883 मध्ये पुरं झालं. जिमला चोरून नेलं जातं तिथेच वाचणं थांबवा, असं अमेरिकन लेखक हेमिंग्वेने 1935 मध्ये लिहिलं, आणि अमेरिकेचं आधुनिक साहित्य याच पुस्तकातून आलं, असंही तिथेच म्हटलं. शेवटावर राग आणि पुस्तकावर जीव, दोन्ही एकत्र नांदू शकतात.

चिठ्ठी समोर ठेवून शेवटची प्रकरणं उलटी वाचा : शेवटचं आधी, मग त्याच्या आधीचं. प्रश्न कुठल्या पानावर सुटला किंवा सोडून दिला गेला, ते सापडतं. बहुतेकदा ते पान शेवटाच्या बरंच आधी असतं. तिथून पुढे अचानक आलेलं पत्र, अपघात, घाईचं लग्न, सोयीचा मृत्यू असं काही दिसलं की समजावं, लेखकाने उरकलं आहे. (वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा नकोत, कागदाची पट्टी घाला.)

प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला असेल, तर त्याला गुंडाळणं म्हणू नका. निवड पात्राच्या हातात राहिली आहे ना, एवढंच बघा.

दुसरा शेवट उपलब्ध असेल तर जरूर मिळवा. डिकन्सने 1861 मध्ये 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून बदलला. आधीच्या शेवटात नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला लंडनच्या रस्त्यावर क्षणभर भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. बऱ्याच इंग्रजी आवृत्त्यांत तो मागे छापलेला असतो. मला तोच खरा वाटतो, कारण आयुष्यभर चुकीच्या आशेवर जगलेल्या पिपला तो आणखी एक आशा देत नाही. मराठीत कादंबरी आधी दिवाळी अंकात आली असेल, तर तो अंक रद्दीत जाण्याआधी शोधा. पुस्तक होताना शेवट वाढवलेला असू शकतो.

दुसऱ्याला पुस्तक सुचवताना "शेवट बंडल आहे" म्हणू नका, त्याचं वाचनच नासतं. "अमुक प्रकरणापर्यंत सावकाश वाच, पुढचं भरभर वाचलंस तरी चालेल" एवढं पुरतं.

आणि लेखक हयात असेल तर पत्र लिहा. काय आवडलं ते आधी लिहा, मग कुठे हात सुटला ते पान क्रमांकासकट. आवृत्तीही नमूद करा, कारण आवृत्तीगणिक पानं बदलतात. पत्ता नसेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा.