आरएक्स १०० चं इंजिन बांधताना: क्रँकची बेअरिंगं आणि सील

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील फक्त ऑइल अडवतं. टू-स्ट्रोकमध्ये त्याचं खरं काम हवा अडवण्याचं आहे. पिस्टन वर जाताना क्रँककेस पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढते आणि खाली येताना तेच दाबून बोअरमध्ये पाठवते. म्हणजे क्रँककेस हा एक पंप आहे आणि दोन्ही बाजूंची सीलं त्याचे वॉशर.

आरएक्स १०० ही यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल. तिच्या इंजिनात डावीकडे मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक), उजवीकडे क्लच. मॅग्नेटकडचं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं, स्क्रू कितीही फिरवला तरी स्थिर राहत नाही आणि शेवटी पिस्टन जाम होतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत खेचलं जातं: ऑइलची पातळी घटते, पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो. अशा वेळी नुसतं बोअर-पिस्टन करून इंजिन बंद केलं, तर पैसे फुकट.

उघडतानाच प्रत्येक सील किती खोल बसलंय ते व्हर्नियरने मोजून फोटो काढा. क्रँकचा आऊट, म्हणजे फिरताना टोक किती डगमगतं ते, डायल गेजवर बघा, ०.०३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर आधी क्रँक लेथवाल्याकडून सरळ करून घ्या, कारण वाकड्या क्रँकवर नवं सील टिकत नाही. सीलचा ओठ, म्हणजे आतली पातळ रबरी कड, क्रँकवर जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे.

बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर वाचा आणि त्यापुढे सी३ हवंच. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये घट्ट बसताना बेअरिंगची बाहेरची रेस (कडी) किंचित आवळली जाते, गरम झाल्यावर आतली फुगते. साध्या बेअरिंगमध्ये त्यासाठी पुरेशी जागा नसते, म्हणून सी३ मध्ये ती मुद्दाम जास्त ठेवलेली असते. रबरी किंवा पत्र्याची झाकणं असलेलं बेअरिंग इथे नको. पेट्रोलमधून येणारं ऑइल गोळ्यांपर्यंत पोचायला हवं.

नवं बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. केस रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडी करून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडत उडाला की झालं. ब्लो-लॅम्प एकाच जागी धरू नका, केस वाकते. बेअरिंग सरळ सोडलं तर स्वतःच्या वजनाने खाली बसतं. लगेच जुन्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसने दाबून अर्धा मिनिट धरा. तिरकं अडकलं तर ठोकू नका, काढून पुन्हा तापवा. आतल्या रेसवर हातोडी मारली की गोळ्यांचे ठसे रेसवर उमटतात आणि इंजिन पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

क्रँकही ठोकून बसवायची नाही. क्रँकच्या दोन्ही पाट्या, म्हणजे जड चकत्या, क्रँकपिनवर नुसत्या प्रेस केलेल्या असतात. टोकावर एक जोरदार घाव बसला की पाट्या फिरतात आणि आऊट परत येतो. टोकाच्या आट्यांवर बसणारं ओढणीचं टूल वापरा, किंवा केस गरम आणि क्रँक थंड ठेवा. ओढताना कनेक्टिंग रॉड वरच धरा. दुसरी बाजू लावताना लिक्विड गॅस्केट थंड अर्ध्यावर पातळ फासा, गरम अर्ध्यावर ते जागीच सुकतं. दोन्ही अर्धे नेमके जुळवणाऱ्या डॉवेल पिन विसरू नका. स्क्रूच्या ताकदीने केस जवळ ओढायची नाही. आधी हाताने मिटली पाहिजे, मग तिरप्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा. नंतर क्रँक बोटाने फिरवा. जड वाटली तर दोन्ही टोकांवर नायलॉनच्या हातोडीने अगदी हलकं टकटक करा, म्हणजे बेअरिंगवरचा बाजूचा ताण सुटतो.

बाहेरून बसणारी सीलं केस थंड झाल्यावरच लावा. काही इंजिनांत सीलला कंगोरा असतो, ते केस मिटण्याआधीच बसवावं लागतं. व्हायटॉन रबराचं सील साध्या नायट्राइल रबरापेक्षा उष्णता आणि पेट्रोल जास्त सोसतं, पण तपकिरी रंग दिसला म्हणजे व्हायटॉन असं समजू नका. स्प्रिंगची बाजू नेहमी क्रँककेसच्या आत. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. ओठावर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावा. मॅग्नेटची चावी, म्हणजे क्रँकच्या खोबणीत बसणारा लोखंडी तुकडा, काढून त्या खोबणीवर पातळ टेप गुंडाळा. खोबणीची धार सीलचा ओठ कापते आणि ते वरून दिसतही नाही. सीलपेक्षा जेमतेम लहान सॉकेट ठेवून सरळ दाबा. जुन्या मापापेक्षा खोल नको. काही केसमध्ये सील आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचं बारीक भोक असतं. सील पुढे गेलं तर ते बुजतं आणि बेअरिंग उपाशी राहतं.

गाडीवर चढवण्याआधी प्रेशर टेस्ट कराच. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर-पट्टीने बंद करा, पिस्टन खाली ठेवा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. जुन्या बीपी मशीनचा फुगा इथे झकास चालतो, काटा ३०० वर म्हणजे साधारण ०.४ बार. दुप्पट दाब देऊ नका, सीलच बाहेर येईल. पाच मिनिटांत काटा लक्षणीय उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. इनटेकमधला एकेरी रीड वाल्व्ह हवा बाहेर सोडत नाही, त्यामुळे इनटेकचा जोडही तपासायचा असेल तर टेस्टपुरतं रीड काढून ठेवा.

बंद करताना बेअरिंगवर आणि रॉडच्या खालच्या टोकावर चमचाभर टू-टी ऑइल सोडा. ऑटोल्यूब पंपातली (इंजिनला आपोआप टू-टी ऑइल पुरवणाऱ्या पंपातली) हवा स्क्रू सैल करून काढा आणि बुडबुड्यांशिवाय धार आली की आवळा. तरीही कार्ब्युरेटरकडची नळी भरायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये ४० मिली टू-टी ऑइल वेगळं मिसळा.